खडूची तिरपी रेघ

दिवा राहू द्या, सांगते. मी इमारती तपासणारी इंजिनिअर. त्या दिवशीचं काम तसं साधं होतं. इस्पितळाच्या तळघरातल्या खांबांचे तडे मोजायचे आणि जेवायला घरी यायचं. त्या काँक्रीटमध्ये चुकीची खडी पडली होती. अशी खडी ओल पिते, फुगते आणि खांबाला आतून फाडते. वर बाळंतिणींचा वॉर्ड होता आणि त्यात माझी धाकटी बहीण, कालच मोकळी झालेली.

तळघरात भरदिवसाही मिट्ट काळोख. कुबट वास, कुठेतरी टपटपणारं पाणी... कोपऱ्यातल्या खांबावरचा तडा जिथे संपत होता, तिथे मी खडूने रेघ मारली. तडा रेघेपलीकडे सरकला, की समजायचं काय ते. ही रीत मला मास्तरांनी शिकवली. ते डावखुरे, त्यामुळे त्यांची रेघ कायम तिरपी. गेल्या वर्षी ते गेले.

माझ्या रेघेच्या हातभर वर, धड काँक्रीटवर, एक ताजी तिरपी रेघ होती. आणि लवंगेचा वास. मास्तरांच्या दाढेखाली सदा लवंग असायची.

"कोण आहे?..." मी हाक दिली.

मी ती रेघ पुसून टाकली. मागच्या खेपेला मी खांबात बसवलेल्या दोन खुंट्यांमधलं अंतर यंत्रानं मोजलं. भलतंच वाढलं होतं. मोठ्या डॉक्टरांना खाली बोलावून घेतलं.

"मॅडम, हाताच्या उबेनं यंत्र तापून माप चुकतं, हे तुम्हीच सांगितलं होतं ना?" ते हसत म्हणाले. "एवढ्यावरून वॉर्ड हलवू?"

मी हातमोजे चढवले, ठरावीक लांबीच्या पट्टीवर यंत्र तपासून दाखवलं आणि पुन्हा मोजलं. आकडा तोच.

"आता बोला!"

खांबाच्या आतून टक... टक... असा आवाज येत होता.

"इथे लवंग... कोण खातंय?" त्यांनी हळूच विचारलं.

मी टॉर्च वर धरला. पुसलेली रेघ पुन्हा उमटली होती आणि तडा बरोब्बर तिथवर चढला होता.

मग काय, डॉक्टर जिन्यावरून पळतच सुटले. वॉर्ड रिकामा झाला. बहिणीला बाळासकट मीच चाकाच्या खुर्चीतून बाहेर नेलं. संध्याकाळी खांब खचला, वरची फरशी कोसळली आणि कुणाला साधं खरचटलंही नाही! डॉक्टरांनी सगळ्यांदेखत मला हात जोडले. मला तर आकाश ठेंगणं झालं होतं. मास्तर, जिंकलो आपण, असं मी मोठ्यानं म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बहिणीला भेटायला, वॉर्ड हलवला होता त्या नव्या इमारतीत गेले. कोऱ्या करकरीत भिंती, बाळ गाढ झोपलेलं. मी हकिकत रंगवून सांगत होते, तर ती मधेच म्हणाली, "ताई, तू हल्ली लवंग खातेस का गं?"

पाळण्याच्या वर, भिंतीवर, खडूची तिरपी रेघ होती. मी हात फिरवून फिरवून तडा शोधला. अजून तरी कुठेच नव्हता.