ओळखीचा अर्जदार

“जरा हा पट्टा लावून द्याल? डावा हात वर जात नाही.”

दक्षिण थायलंडमधल्या पत्तलुंगच्या आरोग्य कार्यालयासमोर, चहाच्या टपरीपाशी, डोक्यावर हेल्मेट ठेवून तो सोमपुढे हनुवटी वर करून उभा राहिला. तिने पट्टा लावला. बोटांना त्याची खुरटी दाढी टोचली नि ती उगाचच लाजली.

“काय झालं हाताला?”

“हत्तीशी कुस्ती खेळलो.”

“आणि हत्ती?”

“दवाखान्यात आहे बिचारा!”

त्याचं नाव ताओ, म्हणजे कासव. तिचं सोम, म्हणजे संत्रं. ही लाडाची नावं. कागदावरची लांबलचक नावं तिथे कुणी कुणाला विचारतच नाही. मग चहा रोजचा झाला. वडिलांच्या रबराच्या मळ्यात राबून ताओ रात्री सावल्यांच्या खेळात बाहुल्या नाचवायचा. हात सुधारला नाही तर बाहुल्यांची पेटी विकणार, हेही त्याने हसतच सांगितलं. सोमला तो फार आवडायचा… पण कबूल करेल तर ती सोम कसली!

लशीमुळे इजा झाली म्हणणाऱ्यांना भरपाई द्यायची की नाही, हे ठरवणाऱ्या समितीवर नर्स म्हणून तिची नुकतीच नेमणूक झाली होती. एके दिवशी समितीपुढे कुणा पिचेत नुआनसुवानचा अर्ज होता. धंदा रबराचा, सुई खांद्यात फार वर टोचली आणि सांधा आखडला. दोघे अनुकूल, दोघे कुरकुरणारे. उरलं सोमचं मत.

“बोलवा त्याला,” अध्यक्षबाई म्हणाल्या.

दार उघडलं… आणि आत आला ताओ!

पिचेत म्हणजे ताओच होता. अर्जदार ओळखीचा असेल तर तसं सांगून बाहेर जायचं, असा नियम होता. तोंड मिटून बसली असती तर तिचं मत त्यालाच मिळालं असतं. पण तिच्या मनाला ते पटेना. ती उठली.

“मी यांना ओळखते, बाई.”

“नातेवाईक?”

“नाही.”

“शेजारी?”

“नाही…”

“मग कोण, गं?”

सोमचे कान तापले. “ते… अजून ठरायचंय.”

सगळे खुदकन हसले. ताओ जमिनीकडे बघत राहिला.

“जा, बाहेर बैस. तिथे ठरव,” बाई म्हणाल्या.

व्हरांड्यात तिचा जीव टांगणीला लागला. आपल्याच हाताने आपण त्याचं वाटोळं केलं, असं तिला वाटत होतं. अखेर ताओ बाहेर आला.

“मंजूर!”

तिचा जीव भांड्यात पडला आणि तिला रडूच फुटलं.

“अगं, रडतेस काय? बाईंनी स्वतः खांदा हलवून बघितला. मी असा ओरडलो, की कुरकुरणारेही गप्प!”

“अर्जाचं मला सांगायचं नाही?”

“तू समितीवर. तुला वाटलं असतं, वशिल्यासाठी चहा पाजतोय.”

“अन्… माझ्याबद्दल काही विचारलं त्यांनी?”

“विचारलं ना. ही तुझी कोण, म्हणून.”

“मग?”

“म्हटलं, तिचं ठरायचंय. माझं ठरलंय.”

सोमने बाहीने डोळे पुसले. “माझंही,” ती म्हणाली.