ओ कोण देतंय?

"पुन्हा बोंबललं सगळं! लगेच या!"

फोन डबिंग स्टुडिओच्या ताईंचा होता. सगळ्यांच्या फायली टेबलाटेबलावर पुरवणारा त्यांचा सर्व्हर आज परत हटून बसला होता. शेअरिंगची सेवा काही केल्या सुरू होईना. दुरुस्तीवाला जेवण तसंच झाकून निघाला. कुठे चाललास, असं विचारायला घरात होतं कोण?

"हिचेच प्रताप," ताईंनी ऑपरेटरकडे बोट दाखवलं. "आज दोष सापडला नाही, तर उद्यापासून हिने यायचं नाही."

"शप्पथ ताई, मी हातसुद्धा लावला नाही!" ऑपरेटर रडकुंडीला आली होती.

"रोज असंच होतं?" त्याने विचारलं.

"जवळजवळ रोज," ताई म्हणाल्या. "फक्त गेल्या आठवड्यात सुतासारखा सरळ होता."

"तेव्हा वेगळं काय होतं?"

"काही नाही. माझ्या वडिलांना, आप्पांना ताप होता, ते घरीच होते. पण त्यांचा काय संबंध? ते बिचारे सकाळी सगळ्यांच्या आधी येतात नि मागे पेपर वाचत बसतात."

पडद्यावर एकच ओळ होती: हे नाव आधीच वापरात आहे.

"'खर्ज्या' हे नाव कोणी दिलं या सर्व्हरला?"

ताईंनी नजर वळवली. "जुन्या सर्व्हरचं होतं. लोकांचा गोंधळ नको म्हणून नव्याला तेच दिलं. जुना अडगळीत आहे. माझ्या भावाचा होता. तो गेला."

त्याने नव्या सर्व्हरची नेटवर्कची वायर उपसली आणि ऑपरेटरच्या कॉम्प्युटरवरून नेटवर्कवर 'खर्ज्या' या नावाला हाक मारली. उत्तर आलं.

"अगं बाई! वायर तर तुमच्या हातात आहे!" ताई म्हणाल्या.

"म्हणजे त्याच्या नावाने ओ दुसराच कोणीतरी देतोय."

भिंतीवरून मागे जाणारी दुसरी वायर धरून तिघं मागे गेली. बंद दाराआडून खर्जातला भारदस्त आवाज आला, "एक, दोन, तीन... आप्पा, आवाज येतोय का?"

कडीवरचा ताईंचा हात तिथेच थांबला. तो त्यांच्या भावाचा आवाज होता.

आत आप्पा जुन्या कॉम्प्युटरला कान लावून बसले होते. "येतोय रे बाळा," ते म्हणत होते.

"एका नावाचे दोघं एका नेटवर्कवर नांदत नाहीत," दुरुस्तीवाला हळूच म्हणाला. "जुन्याची वायर कोणी काढलीच नव्हती. आप्पा आधी येऊन रेकॉर्डिंग ऐकायला तो लावतात. मग नवा उठतो, तर नाव आधीच गेलेलं. सेवा सुरू होणार कशी? आप्पा आजारी पडले, जुना बंद राहिला, म्हणून नवा चालला. हिचा काडीचा दोष नाही."

"चुकलं गं माझं," ताई ऑपरेटरला म्हणाल्या. मग वडिलांकडे वळल्या. "आप्पा, मला का नाही सांगितलंत?"

"तू त्याचं नावही काढत नाहीस. सांगू कुणाला?"



"सोपं आहे, जुन्याचं नाव बदलतो," दुरुस्तीवाला म्हणाला.

आप्पांनी कॉम्प्युटरवर हात ठेवला.

"नव्याचं बदला," ताई म्हणाल्या. "काहीही ठेवा." त्यांनी स्टूल ओढलं आणि आप्पांना चिकटून बसल्या. "आप्पा, परत लावा ना."

"एक, दोन, तीन... आवाज येतोय का?"

"येतोय रे, खर्ज्या," ताई म्हणाल्या.