खासगी बैठक

कुंदन माझा नवरा झाला, तो चिठ्ठी काढून.

लॉच्या शेवटच्या वर्षाला प्रात्यक्षिकाचा पेपर असतो. खोटा तंटा रचायचा आणि मध्यस्थी मात्र खरीखुरी करायची. चिठ्ठीत मला बायको निघाली, त्याला नवरा आणि माझ्या मैत्रिणीला, रागिणीला, मध्यस्थ. तोवर कुंदन म्हणजे बार्शीटाकळीहून आलेला, सरांसमोरही वऱ्हाडीच बोलणारा, मागच्या बाकावरचा मुलगा. मी दीपमाला, अमरावतीची, वकिलांच्या घरातली.

"नवरा जरा शुद्ध बोलणारा मिळाला असता तर..."

"घटस्फोटच तं मागून राहिलो आपण, वकीलबाई. शुद्ध काहून पाह्यजे?"

हसू दाबायला मी वहीत तोंड घातलं.

पाठ करायला सोपा म्हणून तंटा आम्ही आमच्यावरूनच बेतला. बायकोला शहरात वकिली करायची आहे, नवऱ्याला गाव सोडायचं नाही. गिल्या वड्याच्या गाडीवर आम्ही तासन्‌तास भांडायचो. भांडता भांडता तो माझ्या वड्यावर आणखी कढी मागून घ्यायचा, मी न सांगताच.

दर गुरुवारी कोर्टाच्या मध्यस्थी केंद्रात बसणंही अभ्यासातच होतं. एकदा एक म्हातारं जोडपं आलं. वेगळं व्हायचंच म्हणून आलेलं. बोलता बोलता आजीला ठसका लागला, तर आजोबांनी तिच्याकडे न बघताच पाण्याची बाटली उघडली आणि तिच्यापुढे सरकवली. कुंदन कितीतरी वेळ त्या बाटलीकडेच बघत होता.

"सवय..." मी हळूच म्हटलं.

"नाई," तो म्हणाला. "बोलायचं राहून गेलं असन त्यायचं."

आमचंही राहूनच चाललं होतं. परीक्षा झाली की तो गावाकडच्या कोर्टात जाणार. माझ्यासाठी काकांच्या ऑफिसात खुर्ची तयार होती. तो मला थांब म्हणत नव्हता, मी त्याला ये म्हणत नव्हते.

पेपरच्या दिवशी बाकीचा वर्ग मागच्या बाकांवर आणि सर हॉलच्या कोपऱ्यात बसले. आधी खासगी बैठका. मध्यस्थ प्रत्येकाशी शेजारच्या खोलीत एकट्याने बोलतो आणि तिथे ऐकलेलं परवानगीशिवाय दुसऱ्याला सांगत नाही. कुंदन आत जाऊन आला. त्याच्यामागून आलेली रागिणी माझ्याकडे बघेचना.

मग मी गेले. पाठ केलेलं बोलत होते, आणि मध्येच... "तो मला एकदाही थांब म्हणाला नाही गं."

"कोण? नवरा?"

"...कुंदन."

रागिणीने पेन खाली ठेवलं. "हे त्याला सांगू?"

"नको!"

"तोही नकोच म्हणाला," ती पुटपुटली आणि लगेच जीभ चावली. "म्हणजे मी काही बोलले नाही हं! कुठे आणून बसवलंत मला..."

आम्ही पुन्हा समोरासमोर बसलो. रागिणीला सगळं माहीत होतं आणि सांगता काहीच येत नव्हतं. मध्यस्थाला फक्त विचारता येतं. तिने एक लांब श्वास घेतला.

"एकमेकांना विचारायचं काही राहिलंय का?"

तंट्यातल्या बायकोचं नाव आम्ही सिंधू ठेवलं होतं.

"दीपमाला," कुंदन म्हणाला.

सरांनी चष्मा वर केला.

"अकोल्याले वकिली करशीन? मले गावाहून रोज येता येते. वावर पाह्यले बाबा हायेत अजून. अन् पाटी... काकाच्या नाई, तुया नावाची लागन."

मला काकांची ती पुसून ठेवलेली खुर्ची आठवली. ती खुर्ची मी मागितलेली नव्हती, हे मला त्या क्षणी पहिल्यांदा कळलं.

"काकांशी मी बोलेन. एकटी," मी म्हटलं. "तू मध्ये यायचं नाहीस."

"कबूल."

"आणि हे आधी का नाही विचारलंस?"

"तू नाई म्हणाली असती, तं पेपर कोनासंग देल्ला असता?"

सर खाकरले. "मध्यस्थ, तडजोड झाली का?"

"झाली सर," रागिणी म्हणाली. "पण आपल्या तंट्याची नाही."

सगळा हॉल हसला. माझा घसा कोरडा पडला होता. बाटलीकडे हात नेला, तर ती माझ्यापुढे सरकवलेली होती. झाकण उघडून.