पाइनवरचा आळ

मृदाशाळेतला घेवडा पुन्हा खुरटला, तशा डॉ. यमुना केळशीकर खुर्चीत मटकन बसल्या. आता करायचं तरी काय? ‘वसुधा’ हे वसाहतयान पृथ्वीवरून निघून तीस वर्षं होत आली होती आणि त्याच्या पोटातल्या पाइनच्या जंगलात दुसरं काही म्हणून रुजत नव्हतं. साठ्यातलं अन्न पुरणार नाही म्हणून जमीन पिकेपर्यंत जन्मणारं प्रत्येक बाळ शीतनिद्रेत ठेवायचं, असं यानमंडळाने ठरवलं होतं. आणि यमुनाबाईंच्या लेकीला, शर्वाणीला, दिवस गेले होते!

“पाइननेच घात केला,” वनप्रमुख भार्गव ताम्हनकर म्हणाले. “त्याच्या सुया लवकर कुजत नाहीत, माती आंबट होते. तोडून टाकू सगळे.”

“आंबटपणा मी चुना घालून कधीच मोडलाय हो! मातीत फॉस्फरसच उरलेला नाही.”

“मग पाइनने खाल्ला असेल.”

“खाल्ला तर झाडात सापडायला नको? बंद यान आहे हे, भार्गव. इथला कण बाहेर जात नाही. झाडं तपासली, पाणी तपासलं, आपली हाडंसुद्धा हिशेबात धरली. निम्मा फॉस्फरस गेला कुठे?”

ताम्हनकरांनी डोकं खाजवलं. खरंच, गेला कुठे? दोघेही चक्रावले आणि फॉस्फरस हुडकणारा अणुशोधक घेऊन जंगलात शिरले.

तिथे झाडणी चालू होती. बंद यानात आगीसारखं भय नाही आणि वाळलेल्या सुया भसकन पेटतात. त्यामुळे दर सुट्टीला सगळी वसाहत अंगण झाडावं तसं जंगल लख्ख झाडून काढायची.

“या सुया इथेच राहिल्या असत्या तर?” यमुनाबाईंनी विचारलं.

“सावकाश कुजल्या असत्या. खाल्लेलं सगळं पाइन हळूहळू मातीला परत...” ताम्हनकर बोलता बोलता थांबले. “अरे देवा! यमुनाबाई, आपण त्याला परत करूच दिलं नाही.”

झाडलेल्या सुयांचं काय व्हायचं, हे दोघांनाही ठाऊक होतं. अग्निरोधक डिंकात दाबून त्यांच्या विटा पाडायच्या. वसाहतीतलं घरन् घर त्यांचंच होतं.

यमुनाबाई तडक लेकीकडे गेल्या. शर्वाणीने नुकत्याच बांधून घेतलेल्या खोलीच्या भिंतीला त्यांनी अणुशोधक लावला. काटा थेट टोकाला गेला.

“आई, बाळाची खोली आहे ती. काय करतेस?”

“फोडावी लागेल गं. विटा कुटून, कुजवून मातीत घालायच्या. हीच नाही, सगळ्यांचीच घरं.”

“मग राहायचं कुठे आम्ही?”

“पाइनखाली. सुया पडतील तशा पडू द्यायच्या आणि आगीवर रात्रंदिवस पहारा ठेवायचा.”

शर्वाणीने भिंतीवरून हात फिरवला. मग तिने पोटावर हात ठेवला.

“बाळ जागं राहील ना?”

“राहील.”

“मग हातोडा आण.”