थांब जरा

शोध चालू असताना पडद्यावर फिरणारं चाक एका फेऱ्याला सव्वा सेकंद घेतं. मी मोजलंय. नर्सला रुग्णाच्या उशाशी उभं राहून असे नऊ-नऊ फेरे बघावे लागत, म्हणून शोध जलद करायचं काम माझ्याकडे आलं.

आमचं अ‍ॅप घरोघर जाणाऱ्या नर्स वापरतात. भेट झाली की फोनवर नोंद लिहितात. पुढची नर्स त्यात शब्द शोधते. प्रत्येक शोधाला अ‍ॅप सगळ्या नोंदी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत बसायचं. मी पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची बांधली : कोणता शब्द कुठल्या नोंदींत आहे, ते आधीच लिहून ठेवलेलं. तीन आठवडे गेले, मान धरली. पण ताप, जखम, झोप, सगळे शब्द पापणी लवायच्या आत येऊ लागले.

‘पाणी’ सोडून.

चाचणीला मी नेहमी तोच शब्द घेते. तो बहुतेक नोंदींत असतो. त्याला अकरा सेकंद लागले. चाक फिरताना मी सवयीनं पुटपुटले, “थांब जरा.”

“यंत्राशी किती बोलतेस गं! घरी कोणी ऐकत नाही वाटतं?” शेजारच्या टेबलावरचा सहकारी म्हणाला. त्याला आम्ही काका म्हणतो. वयामुळे नाही, कुरकुरीमुळे.

“घरी कोणी नाहीच.”

तो पुन्हा त्याच्या पडद्याकडे वळला.

सूची नव्यानं बांधली. बारा सेकंद. फोन बदलला. तेरा. मग लक्षात आलं, दर शोधाला सापडणाऱ्या नोंदी एकेकानं वाढत होत्या. चाचणीच्या दोन्ही फोनांत सगळ्या नोंदींची प्रत होती, पण नेट नव्हतं. त्यात बाहेरून काही येणं शक्य नव्हतं.

वाढलेल्या नोंदी एकाच फाइलीत होत्या. आईच्या.

तिच्याकडेही आमच्याच नर्स यायच्या. तिला जाऊन दोन वर्षं झाली. तिची शेवटची नोंद मला पाठ आहे : ‘पाणी मागितलं. मुलगी थांब जरा म्हणाली.’ त्या सकाळी तिला घरून ऑपरेशनला न्यायचं होतं, पोटात थेंबही जाऊ द्यायचा नव्हता. ऑपरेशननंतर देणार होते. आई शुद्धीवर आलीच नाही.

त्याखाली तीच नोंद पुन्हा होती. आणि पुन्हा. तारखा कालच्या आणि आजच्या, वेळा माझ्या चाचण्यांच्या. लिहिणाऱ्याच्या नावाची जागा कोरी.

फाइल बाजूला काढून शोधलं. तीस मिलिसेकंद. परत ठेवली. चौदा सेकंद.

गेलेल्या रुग्णाची फाइल घरच्यांच्या होकारानं कायमची काढतात. ताईनं होकार केव्हाच दिलाय. माझा राहिलाय.

“काल एका आजोबांना पाणी मोजून द्यायचं होतं,” काका पडद्याकडेच बघत म्हणाला. “नर्सला ती नोंद सापडेपर्यंत त्यांनी सगळा पेला संपवला. रात्रभर धाप लागली होती. वाचले म्हणायचं.” मग म्हणाला, “प्रत्येक जण वाचेलच असं नाही.”

दुपारी ताईला फोन केला.

“फाइलीचंच ना?” तिनं विचारलं.

“हं.”

“अगं वेडे, आई नाहीये त्यात. नुसत्या नोंदी आहेत.”

“माहितीये.”

“मग? दर वेळी फोन करतेस आणि उद्यावर टाकतेस. किती दिवस थांबवून ठेवणारेस तिला?”

तिनंच शेवटी फोन ठेवला.

मी चाचणीचा फोन समोर घेतला. शब्द लिहिला. चाक फिरू लागलं.

दहा फेरे. वीस. या वेळी मी ओठ घट्ट मिटून धरले होते.

चाळिसाव्या फेऱ्याला चाक गेलं. सर्वांत वर नवी नोंद होती.

‘पाणी मागितलं. मुलगी म्हणाली,’

पुढे कोरं. त्या कोऱ्या जागेत लिहिण्याची उभी रेघ लुकलुकत होती. माझे दोन्ही हात मांडीवर होते.

काकानं खुर्ची वळवली. “काय झालं गं?”

फोनच्या काचेवर बारीक वाफ धरली होती. मी बोटानं पुसली. पुसली गेली नाही. ती आतल्या बाजूनं होती.

रेघ लुकलुकत राहिली.

“नको थांबूस, आई,” मी मोठ्यानं म्हणाले. “काढते मी.”