कॅप्टन रावनहोल्टचा क्रॉस

हे खरं आहे. हसायचं असेल तर आत्ताच हसून घ्या, मग मधे नको.

गेल्या नोव्हेंबरातली गोष्ट. डेन्मार्कातलं रीबे गाव, नदीकाठचं घर. दुपारचे साडेतीन... आणि बाहेर अंधारून आलेलं.

सिसेल, माझी मावसबहीण, तिथे वडिलांसोबत राहते. वेर्नरकाका ब्याऐंशी वर्षांचे. शाळेत सुतारकाम शिकवायचे. डोकं एकदम शाबूत, आणि जीभ त्याहून तिखट.

त्या दिवशी माळा आवरताना तिला शिवणाच्या डब्यात एक पांढरा क्रॉस सापडला, जुनं शौर्यपदक. लाल कडा, वर मुकुट. काकांचे पणजोबा, कॅप्टन रावनहोल्ट, यांना प्रशियाविरुद्धच्या १८६४ च्या लढाईत मिळालेला.

"हा घरात कसा?" सिसेल म्हणाली.

कारण तो घरात नसायलाच हवा होता. हा क्रॉस कुणाच्या मालकीचा होत नाही. माणूस गेला की घरच्यांनी तो राजदरबारी परत पाठवायचा. आणि जिवंत असताना त्यानं आपली सगळी हकिगत लिहून द्यायची.

"पणजीनं हरवला म्हणून कळवलं असणार," काका म्हणाले. "म्हातारीनं थेट राजालाच चुना लावला."

"बाबा, सोमवारी पाठवून देऊ."

"देऊ की. आधी मला सलाम ठोक."

आणि त्यांनी तो स्वेटरवर लावला. गंमत म्हणून.

सिसेल कॉफी आणायला आत गेली. परत आली तर काका खिडकीकडे तोंड करून बसलेले. पाठ ताठ...

"लिहून घ्या," ते म्हणाले.

घ्या.

आपल्या डॅनिश भाषेत बापाला तू, डॉक्टरला तू. पोरीला कोण 'घ्या' म्हणतं?

"बाबा, नाटक पुरे."

"अठराव्या वर्षी भरती झालो. बाविसाव्या वर्षी लेफ्टनंट. हिवाळ्यात सरहद्दीवर बदली..."

आणि फरशीवर आवाज... टप... टप... बुटांतून पाणी गळावं तसा.

काकांच्या पायात लोकरी मोजे होते. कोरडे.

तिनं क्रॉस ओढून काढला. काही उपयोग झाला नाही.

दुसऱ्या दिवशी काकांनी आपला रंधा हातात घेतला आणि विचारलं, "हे कशासाठी असतं?" मग शाळेचं नाव गेलं. मग मावशीचं. कॅप्टनचं एक वर्ष सांगून झालं की काकांचं एक वर्ष जायचं...

डॉक्टर म्हणाला, वय झालंय.

सोमवारी तिनं क्रॉस कोपनहेगनला पाठवला. दोन आठवड्यांनी पार्सल परत. सोबत चिठ्ठी. कॅप्टन रावनहोल्ट यांचा क्रॉस १८९१ मध्येच जमा झाला आहे. हा आमचा नाही.

मग हा कुणाचा?

तिला वाटलं, कॅप्टनची हकिगत अर्धवट राहिली असेल. पुरी झाली की बाबाला सोडेल. म्हणून ती वही घेऊन बसली. सात दिवस लिहिलं. बढत्या, छावण्या, एक घोडा, माघार... आणि शेवटी तो पूल, ज्यासाठी क्रॉस मिळाला.

"पूल मी पेटवला," काका म्हणाले. "शत्रू नदी ओलांडू शकला नाही."

त्यांची नजर बाहेरच्या नदीवर.

"आमची बत्तीस माणसं अजून पलीकडे होती."

टप... टप...

"हे लिहू नका."

तिनं लिहिलं. शाई वाळेपर्यंत वहीवर हात ठेवून बसली.

सकाळी बाकीचं सगळं जागेवर. तेवढी ओळ नाही. तिथला कागद ओला...

आणि खिडकीपाशी काका.

"लिहून घ्या. अठराव्या वर्षी भरती झालो..."

तेव्हापासून रोज हेच. पुलापर्यंत यायचं. परत पहिल्यापासून.

मी नाताळात गेले होते. म्हटलं, "अगं, लिहितेस कशाला? ऊठ तिथून."

"नाही लिहिलं तर तो बोलतच नाही," सिसेल म्हणाली. "दिवसभर भिंतीकडे बघतो. असा निदान बोलतो तरी. आवाज तर बाबाचाच आहे ना."



परवा तिचा फोन आला. मागे कुणीतरी बोलत होतं. जाड, खरखरीत आवाज. मी विचारलं, कोण आलंय?



ती म्हणाली, "तुला आठवतं का गं... बाबाचा आवाज कसा होता?"