तेरावा आकडा

वर्तकनगरात एका पोळीभाजी केंद्राच्या वर, दुसऱ्या मजल्यावर, हरिहर सरांचा कॉम्प्युटर क्लास आहे. जिना चढताना लसणाच्या फोडणीचा वास नाकात शिरतो आणि दार उघडलं की एसीचा. चपला बाहेर काढायच्या. बाकी नियम एकच: आधी वही, मग कीबोर्ड. पोरांनी प्रोग्राम पेन्सिलीने वहीत लिहायचा, तो चालवला तर काय उत्तर येईल ते स्वतःच्या डोक्याने काढायचं आणि आकडे एकाखाली एक मांडायचे. याला ड्राय रन म्हणतात. मॅडमनी वही तपासून लाल टिक आणि तारीख टाकली की मगच मशीनला हात लावायचा. पोरं कुरकुरतात, पण सर बधत नाहीत. त्यांचा सगळा जन्म सरकारी कचेरीत गेलेला. जे कागदावर नाही ते त्यांच्या लेखी घडलेलंच नाही.

मॅडम म्हणजे प्रियांका रोकडे. राहायला आंबिवलीला, घरी ती आणि आई, आणि कमावणारी ही एकटी. कामात चोख, जिभेला जरा तिखट. तिची टिकसुद्धा ओळखू येते, शेवटी वर एक बारीकसा आकडा वळवते ती.

क्लासची वार्षिक स्पर्धा रविवारी होती, आणि यंदा कोडं एकट्या प्रियांकाने काढायचं होतं. कारण गेल्या वर्षी पेपर फुटलेला. स्पर्धेच्या आदल्या दिवशी वह्यांच्या गठ्ठ्यात उत्तरांचं एक पान सापडलं आणि नुसता हलकल्लोळ झाला. सरांनी तिला केबिनमध्ये बोलावून कागद पुढे सरकवला होता, "कोणावर संशय आहे ते लिहून द्या." तिने लिहून दिलं: सुमित तांबे. तिच्यासोबतच शिकवायचा तो, पेपर त्यानेच काढलेला, मग दुसरं कोण असणार? सरांनी सुमितला "उद्यापासून येऊ नका" एवढंच म्हणून वाटेला लावलं. वर्षभरात तिला त्याची आठवण झाली नाही असं नाही, पण झाली की ती दुसऱ्या कामाला लागायची.

यंदाचं कोडं छोटंसं. बारा शब्द द्यायचे, प्रोग्रामने प्रत्येकात अक्षरं किती ते मोजून सांगायचं. शब्द इंग्रजी लिपीत. देवनागरीत काना-मात्रा मोजायच्या की नाही यावरून पोरं डोकं खातात. सोमवारी घरी बसून तिने जवळपासची नावं कागदावर उतरवली. Ambivli, Majiwada, Titwala, Vithalwadi, अशी बारा. कागदाची घडी पर्समध्ये. कॉम्प्युटरवर काही चढवलं नाही. यंदा कोणाची काय टाप आहे ते बघतेच, असं तिच्या मनात होतं.

मंगळवारी दुपारी ती वह्या तपासायला बसली. पोरं बावीस. वह्या तेवीस.

तेविसाव्या वहीला खाकी कव्हर होतं, त्यावर लेबलही होतं, पण लेबल कोरं. पहिल्या पानावर प्रोग्राम नव्हताच. नुसते आकडे, पेन्सिल दाबून लिहिलेले, एकाखाली एक. सात, आठ, सात, दहा...

तिने पर्समधून घडी काढली. Ambivli सात. Majiwada आठ. Titwala सात. Vithalwadi दहा. खालपर्यंत बाराच्या बारा बरोबर. त्याखाली आणखी एक आकडा होता. चौदा.

बारा शब्दांची तेरा उत्तरं कशी? पण तेवढा विचार करायला तिचं डोकं थाऱ्यावर कुठे होतं! कोणीतरी पर्समध्ये हात घातला होता. आणि खोलीची किल्ली दोघांकडेच, ती आणि सर्वेश पालांडे. सर्वेश डोंबिवलीचा, या वर्षी लागलेला, मशीनं दुरुस्त करायचा आणि सदा हसत असायचा. ते हसणंच आता तिला खुपायला लागलं.

"सर्वेश, मी मघाशी हात धुवायला गेलेले तेव्हा तू इथे होतास?"

"हो ना, तो कोपऱ्यातला माऊस बदलत होतो. का मॅडम?"

"माझ्या टेबलाशी आला होतास?"

"नाय ओ. काय हरवलंय का? शोधू?"

"काही नाही," ती म्हणाली. चोर कधी शोधू का विचारतो का? विचारतोच की, पक्का असेल तर. तिने वही पिशवीत टाकली. त्या दिवशी सर्वेशने सांगितलेला चहासुद्धा तिने घेतला नाही.

गुरुवारी क्लासला सुट्टी. दुपारी जेवणं झाल्यावर तिने सोमवारचा कागद फाडून चुलीच्या ओट्याशी नवा घेतला. शालनताई, म्हणजे तिची आई, तांदूळ निवडत बसलेली.

"आई, समोरच्या फळीवरचे डबे वाच गं एकेक. डावीकडून."

"आता हे कसलं खूळ?"

"वाच तर."

"हळद. जिरं. मोहरी. साबुदाणा..." आई वाचत गेली आणि प्रियांका लिहीत गेली, haldi, jire, mohri, sabudana. बारा डबे, बारा शब्द. यातलं एकही नाव तिने आधी ठरवलेलं नव्हतं. आता ये म्हणावं सर्वेशला!

मग तिने पिशवीतून ती वही काढली. मंगळवारपासून पिशवी खुंटीला होती. खुंटी तिच्या डोळ्यांसमोर.

दुसऱ्या पानावर आकडे होते. पाच, चार, पाच, आठ...

तिने बोट ठेवून एकेक पडताळला. बाराच्या बारा बरोबर, आणि खाली परत चौदा. पानावर पेन्सिलीची भुकटी होती, तिच्या बोटाला लागली.

"आई, तू माझ्या पिशवीला हात लावलास?"

"मी कशाला लावू? पोरी, तुझा चेहरा का असा झाला?"

प्रियांकाने वही मिटली. तिला भीती वाटली, खरीखुरी. आणि भीतीच्या मागोमाग दुसरं आलं, ते जास्त वाईट होतं. सर्वेशने काही केलेलं नव्हतं. मग गेल्या वर्षी सुमितने तरी काय केलं होतं?

तिने त्याला फोन लावला. तो माजिवड्याला कुठल्याशा गोदामात लागल्याचं कानावर होतं. मागे खोके आपटल्याचे आवाज येत होते.

"सुमित, मी प्रियांका. क्लासमधली."



"बोला मॅडम. अजून काही लिहून द्यायचं राहिलंय का?"

फोन कट झाला. ती ओट्याला टेकून उभी राहिली. रडू आलं ते आईला दिसू नये म्हणून तिने नळ सोडला.

वही जाळून टाकावी, रविवारी तिसरेच शब्द द्यावेत, कोणाला पत्ता लागणार नव्हता. पण शुक्रवारी सकाळी ती वही घेऊन सरळ सरांच्या केबिनमध्ये गेली आणि सगळं सांगितलं. डब्यांसकट. सुमितला परत बोलवा, म्हणाली.

सरांनी चष्मा वर केला, दोन्ही पानं बघितली. मग कपाटातून गेल्या वर्षीची फाईल काढून तिच्यासमोर उघडली. फुटलेलं ते पान तिथे लावून ठेवलं होतं. तिने ते त्या वेळी धड बघितलंही नव्हतं.

तीच दाबलेली पेन्सिल. बारा उत्तरं, आणि खाली तेरावा आकडा. दहा. त्या दहाच्या पुढे लाल टिक, शेवटी वर वळवलेली.

"ही टिक तुमचीच ना?" सर म्हणाले. "मला वाटलं होतं, तुम्ही पान पडताळलं असेल."

"मी नाही केली, सर."

"बरं."

पानामागे तिने लिहून दिलेला कागद टाचलेला होता. संशय: Sumit Tambe. तिची नजर अक्षरांवरून आपोआप फिरली, धंद्याची सवय. पाच आणि पाच.

दहा.



"प्रियांका, हे डब्यांचं वगैरे मी कुठे नोंदवू?" सरांचा आवाज चढलेला नव्हता. "पालक येऊन बसतील रविवारी. पेपर पुन्हा बाहेर गेला आहे आणि किल्ली दोघांकडेच आहे. कोणावर संशय आहे ते लिहून द्या. एक नाव, बस."

त्यांनी कोरा कागद आणि त्यांचं निळं पेन पुढे ठेवलं.

काचेतून बाहेरचं दिसत होतं. सर्वेश खुर्चीवर मांडी घालून डबा खात होता. तिने बघितलं तसं त्याने डबा उचलून, घेणार का, असं खुणेने विचारलं.

Sarvesh. सात. Palande. सात.

चौदा.

म्हणजे हे ठरलेलं होतं तर. तिने काय लिहायचं ते कोणीतरी मंगळवारीच मोजून ठेवलं होतं, आणि ती लिहिणारही होती, मंगळवारी विचारलं असतं तर डोळे मिटून लिहिलं असतं. तिला संताप आला. नाही लिहीत जा! एकाचं वाटोळं केलं तेवढं पुरे झालं.

तिने पेन उचललं आणि एका दमात नाव लिहून कागद सरांकडे सरकवला. छातीवरचं ओझं वर्षात पहिल्यांदा हललं होतं.

सरांनी वाचलं. 

"असं असेल तर," ते म्हणाले, "उद्यापासून येऊ नका."

सुमितला म्हणाले होते तेच. आईला काय सांगायचं, हे तिच्या मनात आलं, आणि तरीही तिला बरं वाटत होतं. तिने आपल्यापुरतं ते ठरलेलं मोडलं होतं.

सरांनी तिचा कागद टाचणीने त्या वहीला लावला.

Priyanka Rokade.

तिची नजर फिरली. फिरू नये म्हणून तिने मान वळवली, तरी फिरलीच. आठ.

आणि सहा.

लाल पेन तिच्या पर्समध्ये होतं, टोपण लावलेलं. पर्स बाहेर टेबलावर होती.

टाचणी लावताना वहीचं दुसरं पान वर आलं होतं. चौदाच्या पुढे टिक होती, शेवटी वर वळवलेली, आणि आजची तारीख. सरांचा अंगठा त्या टिकवरून गेला तशी शाई पुसट झाली. ती अजून ओली होती.